कढई कोणी घासायची, आणि कोणत्या भाषेत?

जर्मनमधला ‘डॉख’ हा शब्द मी पुण्यात दोन वर्षं वर्गात बसून शिकले होते. परीक्षेत गाळलेल्या जागी तो बरोबर भरून मार्कही मिळवले होते. तो खरा कळला मात्र एका कढईपायी.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका विद्यापीठात शिकत असताना मी दोन वर्षं तिथल्या ‘जर्मन हाउस’मध्ये राहिले. जुनं लाकडी घर, चौदा विद्यार्थी, एक स्वयंपाकघर, कुरकुरणारा जिना. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की इंग्रजी बंद, असं राहायला येतानाच सगळ्यांनी सही करून कबूल केलेलं. फ्रिजवर ‘पुत्सप्लान’ चिकटवलेला असे, म्हणजे कोणत्या आठवड्यात झाडलोट कोणाकडे, भांडी कोणाकडे, कचरा कोणाकडे याचा तक्ता. एका रविवारी भांडी माझ्याकडे होती. आईने बॅगेत कोंबून दिलेली माझी लोखंडी कढई मी घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ओट्यावर उपडी घातली होती. ओहायोचा एक मुलगा आला, त्या काळ्याकुट्ट वस्तूकडे त्याने पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाला, “तू ही कढई घासली नाहीस.” मी म्हणाले, “नाइन!” माझ्या मनात होतं, छे, असं काही नाही. त्याने ऐकलं, ‘नाही घासली.’ तो चिडला. मी आणखी जोरात नाइन म्हणाले. त्याची खात्रीच पटली. जर्मनीतल्या लाइपझिगहून एका वर्षासाठी आलेली आमची भाषा-साहाय्यक जिन्यावरून हे ऐकत होती. ती वरूनच ओरडली, “अगं, डॉख म्हण, डॉख!”

कोणी नकारार्थी बोललं आणि आपल्याला ते खोडून काढायचं असेल, तर जर्मनमध्ये नुसतं हो किंवा नाही पुरत नाही, डॉख लागतो. तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की हे तर आपलं ‘की’ आहे. “घासली नाहीस.” “घासली की!” इंग्रजीत या ‘की’ला जोड नाही, म्हणून इंग्रजीतून जर्मन शिकवणारी पुस्तकं त्यावर अर्धं पान खर्च करतात. मराठी माणसाला एक भांडण पुरतं.

ही गोष्ट आठवायचं कारण गेल्या वर्षी त्या विद्यापीठाकडून माजी रहिवाशांना आलेलं एक पत्र. जर्मन घेणारे विद्यार्थी कमी झालेत, घरातल्या खोल्या भरत नाहीत, जर्मन विभाग इतर भाषांबरोबर एका छत्राखाली गेलेला आहे. तेव्हा घराचं रूपांतर सर्वसाधारण वसतिगृहात करावं आणि ‘सांस्कृतिक उपक्रम’ मात्र दुसऱ्या एका इमारतीतल्या सभागृहात चालू ठेवावेत, असा विचार आहे. आपलं मत कळवा. पत्राची भाषा अतिशय सभ्य होती. बंद करण्याची पत्रं नेहमीच सभ्य असतात.

माझं मत असं, की त्यांनी वाचवायला घेतलेला अर्धा भाग चुकीचा आहे. पैसे कमी असतील तर घराला जोडलेलं सांस्कृतिक केंद्र बंद करा आणि घर ठेवा. चित्रपट, व्याख्यानं, ऑक्टोबरातला बिअर महोत्सव, भिंतीवरची नॉयश्वानश्टाइन किल्ल्याची पोस्टरं, सगळं गेलं तरी चालेल. पुत्सप्लान गेला तर मात्र काही उरत नाही.

हे पटवायचं तर आधी असली घरं चालतात कशी ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा प्रकार नाही. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांत भाषेनुसार राहण्याची घरं आहेत: फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, जर्मन. ओबर्लिन कॉलेजात आहे, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला जर्मन घराची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. विद्यार्थी इतर वसतिगृहांसारखंच भाडं भरून राहतात. बरोबर एखादी मूळ भाषिक व्यक्ती राहते. तिला खोली मिळते आणि त्या बदल्यात तिने रोज काही वेळ उपलब्ध असायचं असतं. आठवड्यातून एकदा सगळ्यांचं एकत्र जेवण, एकदा बाहेरच्यांसाठी ‘काफेश्टुंड’, म्हणजे कॉफी, केक आणि जर्मनमधून गप्पा. सहा डिसेंबरला निकोलाउसचा सण. आदल्या रात्री बूट दाराबाहेर ठेवायचे आणि सकाळी त्यांत अक्रोड-चॉकलेट सापडतात. त्या एका दिवसापुरते सगळ्यांचे बूट पुसलेले दिसायचे.

या घरांवर बऱ्याच ठिकाणी एक नाव लावलेलं असतं: माक्स काडे. हा १८८२ साली जन्मलेला जर्मन माणूस तरुणपणी अमेरिकेत आला आणि खोकल्याच्या औषधावर श्रीमंत झाला. पेर्टुसिन हे त्या औषधाचं नाव. १९४४ साली, म्हणजे अमेरिकेचे सैनिक जर्मनांशी लढत असताना, त्याने न्यूयॉर्कमध्ये एक प्रतिष्ठान काढलं. युद्धानंतर त्या पैशातून जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी राहिली आणि अमेरिकेत जर्मन घरं आणि केंद्रं. ज्या दोन देशांनी नुकतीच एकमेकांची माणसं मारली होती त्यांच्यासाठी या गृहस्थाने काय बांधलं, तर मुलांनी झोपायच्या खोल्या. मला यात शहाणपण दिसतं. पुतळा बांधण्याइतके पैसे त्याच्याकडे नक्कीच होते.

भाषेच्या घराला अमेरिकेत धोका नवा नाही, आणि पहिला धोका आजच्यापेक्षा फार भयंकर होता. १९११ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘डॉइचेस हाउस’ सुरू झालं तेव्हा जर्मन ही ज्ञानाची भाषा होती. रसायनशास्त्र असो, तत्त्वज्ञान असो वा संस्कृतचं व्याकरण, जर्मनशिवाय पान हलत नसे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर याच कोलंबियात आले. आधी हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल अशी त्यांची बिऱ्हाडं बदलत गेली. पुढे बॉन विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये आपला परिचय लिहून पाठवला. शिकायचं तर जर्मन यायला हवं, हे त्या पिढीला कोणी वेगळं सांगावं लागत नव्हतं.

१९१५ साली व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात लिलियन स्ट्रोबे या जर्मनीत जन्मलेल्या प्राध्यापिकेने उन्हाळी जर्मन शाळा काढली. त्यांचा आग्रह होता की विद्यार्थ्यांना एका ठिकाणी ठेवा, एकत्र जेवू द्या, एकत्र फिरू द्या आणि सगळं फक्त जर्मनमधून करायला लावा. आजही मिडलबरीच्या उन्हाळी शाळांत येणारा विद्यार्थी तशी शपथ सही करून देतो. या जर्मन शाळेच्या नमुन्यावर पुढच्याच दोन वर्षांत तिथे फ्रेंच आणि स्पॅनिश शाळा निघाल्या.

त्या दोन टिकल्या, जर्मन शाळा १९१८ मध्ये बंद पडली. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि जर्मन ही शत्रूची भाषा ठरली. सॉवरक्राउटला, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीला, लोक ‘स्वातंत्र्य-कोबी’ म्हणू लागले. आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये फर्मान काढलं की शाळेत, सार्वजनिक जागी, गाडीत, इतकंच काय टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन मजुराला जमावाने झाडाला लटकावून मारलं. १९१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतला जवळजवळ दर चौथा विद्यार्थी जर्मन शिकत होता. १९२२ पर्यंत ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. भाषा सात वर्षांत पुसली गेली. नेब्रास्कात रॉबर्ट मायर या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मनमधून वाचायला शिकवलं म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. त्याने तो भरला नाही, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३ मध्ये जिंकला. मिडलबरीची जर्मन शाळा उघडायला मात्र १९३१ उजाडलं.

आजचा धोका याच्या तुलनेत अगदी कंटाळवाणा आहे. कोणी कोणाला मारत नाही, नुसते आकडे दाखवतात. अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत विद्यापीठांतल्या जर्मनच्या विद्यार्थ्यांत एक तृतीयांश घट झाली. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तूट भरून काढायला परदेशी भाषांचा विभागच मोडीत काढला. त्याच वर्षी जर्मन सरकारच्याच पैशावर जगभर जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटने काटकसर म्हणून जगातली नऊ केंद्रं बंद करायचं जाहीर केलं, त्यात वॉशिंग्टनचंही होतं. जिथे घरचेच कात्री चालवतात तिथे अमेरिकेतल्या एखाद्या कुलगुरूला काय बोलणार? वर फोनमधलं भाषांतर आहेच. कॅमेरा धरला की बर्लिनचा मेन्यू इंग्रजीत दिसतो.

फोनच्या मुद्द्याला उत्तर देणं सोपं आहे, म्हणून ते उरकून टाकते. मेन्यू वाचायला भाषा शिकणारा माणूस मी पाहिलेला नाही. फोन कढईचं भांडण भाषांतरित करील, पण ते मिटवणार नाही. भांडणात वेळ महत्त्वाचा असतो. डॉख अर्ध्या सेकंदात यावा लागतो, तीन सेकंदांनी आलेला डॉख माघार वाटतो.

आकड्यांचा मुद्दा जास्त गंभीर आहे, पण त्यातली मेख वेगळीच आहे. माझ्या वेळी त्या घरातल्या चौदांपैकी जर्मन हा मुख्य विषय घेतलेले फक्त तिघे होते. बाकी अभियांत्रिकीचे, संगीताचे, एक वनशास्त्राची, एक जण निव्वळ घर स्वयंपाकघरासकट मिळतं म्हणून आलेला. घर चालत होतं ते या अकरा जणांवर. ‘जर्मन विभाग आटला म्हणून जर्मन घर आटलं’ हे गणित म्हणूनच मला मान्य नाही. ऱ्होड आयलंड विद्यापीठात १९८७ साली जर्मनचे एक प्राध्यापक आणि अभियांत्रिकीचे अधिष्ठाता यांनी मिळून एक अभ्यासक्रम काढला: पाच वर्षांत दोन पदव्या, एक अभियांत्रिकीची आणि एक जर्मनची, मध्ये एक वर्ष जर्मनीत, त्यातले काही महिने ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठात आणि काही महिने तिथल्या कंपनीत काम. या मुलांसाठी कॅम्पसवर राहायची सोयही आहे. साहित्याच्या विभागात विद्यार्थी येत नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा भाषेची गरज ज्यांना लागणार आहे त्यांच्या दारात त्यांनी भाषा नेऊन ठेवली. इतर ठिकाणी जर्मन आकसत असताना तिथला अभ्यासक्रम टिकून आहे.

गरज हाच इथला मुद्दा आहे. वर्गात भाषेची गरज खोटी असते. शिक्षिकेला उत्तर आधीच माहीत असतं. ‘काल तुम्ही काय केलं?’ या प्रश्नाला मी कितीदा तरी ‘मी बाजारात गेले आणि सफरचंदं घेतली’ असं उत्तर दिलं असेल. मी आयुष्यात त्या काळात सफरचंदं घेतली नव्हती, फक्त तो शब्द येत होता. घरात खोटं बोलून भागत नाही. सिंक तुंबलं तर ‘तुंबलं’ हा शब्द लागतो, आणि तो पुस्तकाच्या कोणत्याच धड्यात नसतो. गिझर बंद, रात्री दोनला कोणी ड्रम वाजवतंय, कोणाची आई आजारी आहे, कोणी कोणाशी बोलत नाहीये. कचरा चार डब्यांत वेगळा करायचा तर चहाची चोथापूड कशात आणि दुधाचा डबा कशात, यावर आमच्या घरात तासभर सभा झाली होती. त्या सभेत मी पहिल्यांदा जर्मनमध्ये कोणाचं तरी बोलणं मध्येच तोडलं. माझ्या मते भाषा आली ती त्या दिवशी.

मराठी मुलीला तिथे काही गोष्टी फुकटात मिळाल्या, हे सांगायला हवं. जर्मनमध्ये ‘कारण’ म्हटलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. अमेरिकन मुलांची तिथे दमछाक व्हायची. वाक्य सुरू केलं की क्रियापद कधी एकदा टाकून मोकळे होतो असं त्यांना व्हायचं. मला काय, ‘कारण मी कढई आधीच घासली आहे’. आपलं क्रियापद तसंही शेवटीच येतं. तसंच ‘डू’ आणि ‘झी’चं, म्हणजे तू आणि तुम्हीचं. घरात सगळे डू. काफेश्टुंडला प्राध्यापक आले की झी. ओहायोचा तो मुलगा घाबरून सरांशी बोलायचंच टाळायचा. तू-तुम्हीचा अंदाज घेत मोठं झालेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. कधी बदलायचं ते आपल्याला कानाने कळतं, आणि कधी बदललं नाही तर राग येईल, तेही.

आता घराचे दोष. ते मी लपवले तर विद्यापीठाच्या पत्राचीच बाजू मजबूत होईल.

पहिला दोष सगळ्यांना माहीत आहे: तिसऱ्या आठवड्यानंतर इंग्रजी परत येते. आधी बाथरूमच्या बोळात, मग विनोद सांगताना, मग कोणाचं मन मोडलं की सरळ स्वयंपाकघरात. यावर आमच्या एका वरिष्ठ रहिवाशाने दंडाची बरणी ठेवली होती. इंग्रजी शब्द बोललात, नाणं टाका. महिन्याभरात बरणी भरली नाही, घर मात्र मुकं झालं. ज्यांची जर्मन कच्ची ते खोलीत जेवू लागले. ज्यांची पक्की होती तेच बोलत राहिले, आणि ते आधीही बोलतच होते. शेवटी त्या भाषा-साहाय्यकेने बरणीतल्या पैशांचं लोणी आणि मैदा आणून केक केला आणि बरणी धुऊन त्यात डाळ भरली. शिक्षा गेली आणि बडबड परत आली. त्यात थोडी इंग्रजी होती. असू दे.

दंडाच्या बरणीवर मी जरा रेंगाळते, कारण २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली तेव्हा मला तीच आठवली. प्रमाण वेगळं आहे, हिंसेची तुलना नाण्याशी होत नाही, हे कळतं मला. पण समजूत तीच: भाषा माणसाकडून वसूल करता येते. वसूल केलेली भाषा गल्ल्यावर बसते, घरात येत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि त्यासाठीच मला ‘सांस्कृतिक केंद्रा’चं भय वाटतं. घराबरोबर केंद्र आलं की संस्कृती दाखवायची वेळ येते, आणि दाखवायची संस्कृती नेहमी पोशाख घालून येते. आमच्या घराच्या दर्शनी भागात बव्हेरियन लेदरहोझन म्हणजे चामड्याच्या विजारी, बिअरचे मग, परीकथेतले किल्ले. लाइपझिगची ती मुलगी आल्या दिवशी ते पाहून म्हणाली होती, हा कोणता देश आहे? तिचं बालपण पूर्व जर्मनीच्या अवशेषांत गेलेलं, तिच्या वर्गात व्हिएतनामी मजुरांची मुलं होती. आजच्या जर्मनीत कोपऱ्याकोपऱ्यावर डोनर कबाब मिळतो, इस्पितळात केरळची नर्स असते, विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ४९ हजार होते. केंद्राच्या भिंतीवर यातलं काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात मात्र, रहिवासी बदलत गेले तसतसं, आपोआप येत गेलं.

केंद्रं वकिलातीसारखी वागू लागतात, हा धोका नुसता पोस्टरांपुरता नाही. १९३६ साली हायडेलबर्ग विद्यापीठाचा साडेपाचशेवा वर्धापन दिन नाझी राजवटीने थाटामाटात साजरा केला. ज्यू प्राध्यापकांना तोपर्यंत हाकलून दिलेलं होतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने आमंत्रण नाकारलं. हार्वर्ड आणि कोलंबियाने प्रतिनिधी पाठवले, आणि कोलंबियाचा प्रतिनिधी जर्मन भाषाशास्त्राचा प्राध्यापक होता. ‘आम्ही संस्कृतीसाठी जातो आहोत, राजकारणासाठी नाही,’ हा बचाव अशा वेळी हमखास तयार असतो. संस्कृतीचा पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला यजमानाविरुद्ध बोलता येत नाही, अडचण तीच आहे. बिऱ्हाडकरूचं तसं नसतं. तो भाडं देतो, आणि गळणाऱ्या नळाबद्दल बोलतो.

इरावती कर्वे आठवतात ते इथे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएच.डी.ला लागल्या. फिशरचं गृहीतक असं, की गोऱ्या लोकांच्या कवट्यांच्या दोन बाजूंत फरक असतो आणि तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचा पुरावा आहे. पुण्याच्या या तरुण मुलीने कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असा वांशिक फरक दिसत नाही. तोही त्याच माणसाकडून पदवी घ्यायची असताना, त्याच्याच भाषेत. पुढे हेच फिशर नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधारस्तंभ झाले. भाषा येणं म्हणजे त्या भाषेतल्या लोकांवर लुब्ध होणं नव्हे. त्यांना त्यांच्या तोंडावर, व्याकरणात न चुकता, ‘असं नाही’ म्हणता येणं हेही भाषा येण्यातच धरायला हवं. डॉखचं काम तेच.

हे सगळं लांबच्या देशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला: आपण त्यांना दहा हजार कुशल माणसं देणार. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, चालक. त्यासाठी जर्मन शिकवायचे वर्ग काढायचे, परीक्षांच्या पातळ्या गाठायच्या. आता बाडेन-व्युर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्ट, म्हणजे श्वाबियाचा मुलूख. तिथे ‘केअरवोखं’ नावाची एक प्रथा आहे. इमारतीतला जिना, अंगण, घरासमोरचा फूटपाथ झाडायची पाळी दर आठवड्याला एका बिऱ्हाडाकडे असते आणि तुमची पाळी आली की तुमच्या दारावर तशी पाटी येऊन लटकते. ती पाटी पाहून काय करायचं, शेजारच्या आजीबाईंनी “तुम्ही झाडलं नाही” म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, हे कोणत्याही पातळीच्या परीक्षेत विचारत नाहीत. नाशिकच्या नर्सला पहिल्याच महिन्यात ते लागणार आहे.

मग तिला वर्गात कशाला बसवता? पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या माणसांची वानवा नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि माक्स म्युलर भवनात पिढ्यान् पिढ्या शिकून निघाल्या. उणीव आहे ती एका वाड्याची. वीस जण तीन महिने एकत्र राहतील, स्वयंपाक करतील, पाळीपाळीने जिना झाडतील आणि जर्मनमध्ये भांडतील अशा जागेची. कराराच्या एकूण खर्चात हे भाडं कुठल्या कुठे खपून जाईल. पण आपल्याकडे भाषेसाठी पैसा निघाला की त्याचं भवन होतं. मुंबईत चर्नी रोडला २०२२ च्या गुढीपाडव्याला मराठी भाषा भवनाचं भूमिपूजन झालं, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, दिल्लीत जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाने अध्ययन केंद्र निघालं. यातलं एकही वाईट नाही. मात्र पाटण्याहून मुंबईत आलेल्या एखाद्या मुलाला मराठीत राहायचं असेल, नुसतं शिकायचं नव्हे तर राहायचं असेल, तर एक कॉट आणि अर्धं कपाट कुठे मिळेल, हा पत्ता माझ्याकडे नाही. त्याला आपण पुस्तकांचं प्रदर्शन दाखवू शकतो.

तर विद्यापीठाच्या त्या पत्राबरोबर एक प्रश्नावलीही होती. मी ती मन लावून भरली. सातव्या प्रश्नात विचारलं होतं की घरातली कोणती सुविधा तुम्हाला सर्वांत उपयोगी वाटली? पर्याय होते: ग्रंथसंग्रह, चित्रपट-दालन, बैठकीची खोली, बाग, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या रकान्यात स्वयंपाकघर या अर्थाचा जर्मन शब्द लिहिला, ‘क्युशं’. त्या शब्दातल्या एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं असतात. लाल अक्षरांत सूचना आली: अमान्य चिन्ह, कृपया पुन्हा लिहा. टिंबं काढून लिहिलं तर जर्मनमध्ये ते चुकीचं, टिंबांऐवजी जादा अक्षर घालायची सवलत असते पण ती मला कधीच आवडली नाही. दोनदा प्रयत्न केला. शेवटी ‘किचन’ लिहिलं आणि पाठवून दिलं.